अंगठी कोणाच्या हातून?

आळंदीहून निघालेली माउलींची पालखी थोड्याच वेळात चऱ्होलीच्या हद्दीतल्या थोरल्या पादुकांपाशी थांबते. ज्या समाधी मंदिरातून ती निघते, तिथले विश्वस्त पुण्याचे जिल्हा न्यायाधीश नेमतात. डिसेंबर २०२३ मध्ये नव्या नेमणुकांत स्थानिकांना स्थान मिळाले नाही म्हणून आळंदीने गाव बंद ठेवले. त्या दिवसांत पंचक्रोशीत चर्चा झाली ती नावांची: हा का, तो का नाही. नाव ठरवण्याचा अधिकार मुळात कोणाचा, या प्रश्नाकडे फारसे कोणी वळले नाही. साडेनऊशे वर्षांपूर्वी युरोपात नेमक्या याच प्रश्नावर एक राजा बर्फात उभा राहिला होता.

तो झगडा मराठी वाचकाला शाळेच्या पुस्तकातून ठरावीक साच्यात भेटतो. युरोपचे अंधारयुग, मग्रूर पोप, त्याच्या जोखडातून राजांनी करून घेतलेली सुटका, आणि त्यातून जन्मलेली धर्मनिरपेक्षता. त्याला जोडून आणखी एक वाक्य येते: आपल्याकडे चर्च नव्हते, म्हणून हा झगडाही नव्हता.

ही दोन्ही मते वरवरची आहेत. धर्म आणि राज्य वेगळे करा, ही मागणी युरोपात राजांनी आधी केलेली नाही. ती चर्चमधल्या सुधारकांनी केली, आणि तिचा गाभा श्रद्धेचा नव्हता, नेमणुकीचा होता. तोच नेमणुकीचा झगडा मराठी मुलखात ख्रिस्ती चर्चमध्येही झाला आणि हिंदू मठ-मंदिरांतही झाला. तो ओळखता आला नाही, म्हणून आजचे देवस्थानांचे वाद पुन्हा पुन्हा त्याच खड्ड्यात अडकतात.

१. आधी सुधारणा, झगडा नंतर

दहाव्या शतकातला युरोप समजायला मराठी माणसाला परका शब्दकोश लागत नाही. वतन आणि इनाम हे दोन शब्द पुरतात. सरदार आपल्या जमिनीवर चर्च बांधी, तिथला पाद्री स्वतः नेमी आणि उत्पन्नात वाटा घेई. बिशप हा धर्मगुरू असे तसा मोठा जमीनदारही असे. त्याच्या पदरी सैनिक असत, त्याच्या गढीत खजिना असे. राजाला असा माणूस आपला हवा असे. म्हणून नव्या बिशपच्या बोटात अंगठी आणि हातात धर्मदंड राजाच घाली. पद मिळवायला नजराणा द्यावा लागे, आणि दिलेला नजराणा वसूलही करावा लागे. विवाहित पाद्र्याचा मुलगा बापाच्या जागेवर हक्क सांगे. देवाची जमीन दोन पिढ्यांत घराची होई.

यातली वंशपरंपरेची गोष्ट चऱ्होलीजवळच्या चिंचवडमध्येही घडली आहे. मोरया गोसावींच्या वंशात देवपण पिढ्यान्‌पिढ्या चालले आणि त्याबरोबर गावांची इनामे चालली. १८१० मध्ये त्या वंशातले शेवटचे देव निपुत्रिक वारले, तेव्हा दूरच्या नातलगाला गादीवर बसवण्यात आले. गादी रिकामी राहिली असती तर इनामांवर गदा आली असती. भक्ती आणि महसूल एकाच दोरीत ओवले की असेच होते, मग देव गणपती असो की ख्रिस्त.

युरोपातल्या सुधारकांनी ही दोरी तोडायचे ठरवले. ९१० मध्ये अॅक्विटेनच्या ड्यूक विल्यमने क्लूनीचा मठ स्थापला आणि त्यावरचा स्वतःचा आणि आपल्या वारसांचा हक्क सोडून दिला. मठाधिपती भिक्षूंनीच निवडायचा. या एका कलमातून पुढच्या दीड शतकात शेकडो मठांचे जाळे उभे राहिले. तिथून तीन मागण्या पुढे आल्या: पदांची विक्री बंद करा, पाद्र्यांची वंशपरंपरा मोडा, सरदारांच्या हातून नेमणुका घेऊ नका. पाद्र्याने अविवाहित राहावे, हा आग्रह आज केवळ देहाविषयीच्या तिटकाऱ्याचा वाटतो. त्यामागे मालमत्तेचा रोकडा हिशेबही होता. वारस नसेल तर जमीन चर्चची राहील. ११३९ च्या दुसऱ्या लॅटरन परिषदेने पाद्र्यांचे विवाह अवैधच ठरवले.

पण रोममध्ये ही सुधारणा पोपने आणली नाही. १०४६ मध्ये पोपपदावर तीन जण दावा सांगत होते. जर्मन राजा तिसरा हेन्री फौज घेऊन उतरला, सुत्रीच्या सभेत त्याने जुना गोंधळ निकालात काढला आणि आपल्या पसंतीचा जर्मन बिशप पोप केला. चर्च स्वच्छ करणारा पहिला मोठा हात राजाचा होता. हा तपशील ध्यानात ठेवावा. महाराष्ट्रातही पुढे असेच झाले.

झाडू ज्याच्या हाती, किल्लीही त्याच्याच हाती, हे सुधारकांना लवकर उमगले. तिसरा हेन्री वारल्यावर, त्याचा वारस अजून लहान असताना, १०५९ मध्ये पोप दुसऱ्या निकोलसने ठरवले की पोपची निवड कार्डिनलच करतील.

२. कानोसा, आणि कानोसानंतरची पंचेचाळीस वर्षे

१०७३ मध्ये सातवा ग्रेगरी पोप झाला. १०७५ मध्ये मिलानच्या बिशपपदावरून त्याची तिसऱ्या हेन्रीच्या त्या वारसाशी, आता राजा असलेल्या चौथ्या हेन्रीशी, ठिणगी उडाली. जानेवारी १०७६ मध्ये वर्म्सला भरलेल्या जर्मन बिशपांच्या सभेत हेन्रीने पोपच्या पदत्यागाची मागणी केली. पुढच्याच महिन्यात ग्रेगरीने हेन्रीला धर्मबहिष्कृत केले आणि त्याच्या प्रजेला राजनिष्ठेच्या शपथेतून मोकळे केले. जर्मन सरदार अशा संधीची वाटच पाहत होते. जानेवारी १०७७ मध्ये हेन्री आल्प्स ओलांडून कानोसाच्या किल्ल्याशी आला आणि तीन दिवस थंडीत अनवाणी उभा राहून त्याने क्षमा मागितली.

चित्रे या प्रसंगापाशी थांबतात, इतिहास थांबत नाही. हेन्रीने क्षमा मिळवून सरदारांचे बंड थोपवले. १०८० मध्ये त्याच्यावर पुन्हा बहिष्कार पडला. १०८४ मध्ये त्याने रोम घेतले आणि स्वतःचा पोप बसवला. ग्रेगरी १०८५ मध्ये सालेर्नोत, रोमबाहेर वारला. जिंकले कोण, हा प्रश्न इथे निरर्थक आहे. दोघेही हरले, आणि त्या हरण्यातून पुढच्या पिढीला एक भेद सुचला.

तो भेद ११२२ च्या वर्म्सच्या करारात आहे. पोप दुसरा कॅलिक्स्टस आणि सम्राट पाचवा हेन्री यांनी बिशपाचे दोन पैलू वेगळे केले. अंगठी आणि धर्मदंड हे धर्माधिकाराचे चिन्ह, ते राजाने द्यायचे नाही. बिशप चर्चच्या रीतीने निवडला जाईल. जमीन, महसूल आणि त्याबरोबरची कर्तव्ये यांचे चिन्ह राजदंड, तो सम्राट देईल. एकच माणूस, पण दोन हात आणि दोन वस्तू. मध्ययुगाने राज्यव्यवहाराला दिलेली याहून नेमकी दुसरी कल्पना सापडणे कठीण आहे.

३. ग्रेगरी सत्तालोभी नव्हता काय?

इथे पहिला आक्षेप येतो. सुधारणा हा नुसता मुखवटा, पोपला सम्राटाच्या डोक्यावर बसायचे होते. या आक्षेपाला पुरावाही आहे. १०७५ च्या सुमाराचे ग्रेगरीचे सत्तावीस कलमी टिपण पोपला सम्राट पदच्युत करण्याचा अधिकार देते. पोप आठव्या बोनिफेसने १३०२ मध्ये प्रत्येक जीवाला मोक्षासाठी पोपची अधीनता आवश्यक ठरवली. वर्षभरात फ्रान्सच्या चौथ्या फिलिपच्या माणसांनी अनाग्नीत त्याला धरले, आणि १३०९ पासून पोपची गादी जवळपास सत्तर वर्षे आव्हिन्यॉनमध्ये फ्रेंच सावलीत राहिली.

म्हणजे आक्षेपातला तपशील खरा, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा. धर्मपीठाने अंगठी राखताना राजदंडही मागितला, तेव्हा ते राजाइतकेच दोषी ठरले. त्याने वर्म्सचा भेद खोटा पडत नाही. उलट तो दोन्ही बाजूंना लागू पडतो, हेच सिद्ध होते.

४. पोपनेच लिहून दिलेली सनद

मराठी मुलखाचा या इतिहासाशी थेट संबंध येतो तो एका विचित्र माघारीतून. जो हक्क पोपांनी सम्राटांकडून झगडून सोडवला, तोच पंधराव्या शतकात त्यांनी पोर्तुगालच्या राजाला स्वखुशीने दिला. १४५५ आणि १४५६ च्या पोपच्या आज्ञापत्रांपासून सुरू झालेल्या या व्यवस्थेचे नाव पाद्रोआदो, म्हणजे आश्रयदात्याचा हक्क. राजाने नव्या मुलखात चर्च बांधायचे, पाद्री पोसायचे, त्यांना जहाजाने न्यायचे. बदल्यात बिशपपदासाठी नाव राजा सुचवणार. १५३४ मध्ये गोव्याचे धर्मपीठ स्थापन झाले ते याच अटीवर.

गोव्याच्या चर्चचा विचार करताना हे नेहमी निसटते. १५६० मध्ये आलेले आणि मधली चार वर्षे सोडता १८१२ पर्यंत टिकलेले इन्क्विझिशन हे लोकांच्या मनात पोपच्या जुलमाचे चिन्ह आहे. वास्तविक ते पोर्तुगीज राजवटीचे यंत्र होते. गोव्याच्या लोकांनी त्यात जे सोसले, ते याने हलके होत नाही. पण दोष कोणत्या दाराशी ठेवायचा हे बदलते. इथे चर्चने राज्य गिळले नव्हते, राज्याने चर्च पोसले होते आणि पोसलेल्याकडून काम करून घेतले होते.

या सौद्याची किंमत चर्चलाही मोजावी लागली. १६४० मध्ये पोर्तुगाल स्पेनपासून वेगळा झाला. स्पेनच्या दबावामुळे पोपने नव्या राजाला अनेक वर्षे मान्यता दिली नाही, म्हणून त्याने सुचवलेले बिशपही मंजूर होईनात. गोव्याची आर्चबिशपची गादी १६५२ नंतर जवळपास दोन दशके रिकामी राहिली. लिस्बनचे राजकारण बिघडले आणि मांडवीकाठी धर्मगुरू नाही.

रोमने या कोंडीवर तोडगा काढला होता. १६२२ मध्ये स्थापन झालेली प्रोपागांडा ही संस्था राजाला वगळून थेट पोपच्या नावाने धर्मगुरू पाठवू लागली. तिने निवडलेल्या पहिल्या माणसांत दिवाडी बेटावरचा एक गोवेकर होता, मातेउश द काश्त्रू. ब्राह्मण कुळातल्या या ख्रिस्ती तरुणाला गोव्यात पाद्री होऊ दिले गेले नाही, म्हणून तो रोमला गेला. १६३७ मध्ये तो बिशप झाला आणि आदिलशाही मुलखाची जबाबदारी घेऊन परतला. पोर्तुगीज हद्दीत त्याचे बिशपपद मानायला तिथले धर्माधिकारी तयार नव्हते. त्याने तेव्हा आदिलशाहीत असलेल्या डिचोलीत ठाण मांडले. पोर्तुगीजांनी त्याच्यावर आदिलशहाला चिथावल्याचा आरोप ठेवला. अखेर तो रोमला परतला आणि तिथेच वारला.

या माणसाच्या वाट्याला मराठीत फार थोडे लेखन आले आहे, ही खंत वाटण्याजोगी गोष्ट आहे. पोपची अंगठी बोटात असूनही राजाचा शिक्का नाही म्हणून आपल्याच गावी परका ठरलेला हा बिशप, कानोसाचा प्रश्न कोकणी मातीत जगला.

५. मुंबईतली चार चर्चे

मुंबईत हा झगडा आणखी गुंतला. १६६१ च्या विवाहकराराने बेट इंग्रजांकडे गेले, पण तिथले कॅथलिक पाद्री गोव्याच्या आर्चबिशपच्या हाताखालीच राहिले. ईस्ट इंडिया कंपनीला हे रुचेना, कारण गोव्याचा आर्चबिशप म्हणजे पोर्तुगीज राजाचा माणूस. १७२० मध्ये कंपनीने पोर्तुगीज फ्रान्सिस्कन पाद्र्यांना बेटाबाहेर काढले आणि प्रोपागांडाच्या कारमेलाइट संघाकडे चर्चे सोपवली. पोपला न मानणारी प्रॉटेस्टंट व्यापारी कंपनी कॅथलिकांचा धर्माधिकारी ठरवू लागली. १७८९ मध्ये तिने ही चर्चे परत गोव्याकडे दिली, १७९१ मध्ये पुन्हा कारमेलाइटांकडे. शेवटी १७९४ मध्ये वाटणी झाली: माझगावचे ग्लोरिया आणि दादरचे साल्वासांव गोव्याच्या आर्चबिशपकडे, एस्पेरान्सा आणि माहीमचे सेंट मायकल प्रोपागांडाकडे. एका बेटावर, एकाच धर्माच्या लोकांसाठी, दोन धर्माधिकारी.

१८३८ मध्ये सोळाव्या ग्रेगरीने पोर्तुगीज हद्दीबाहेरचा पाद्रोआदो मोडीत काढणारे आज्ञापत्र काढले. गोव्याच्या पक्षाने ते मानले नाही. राजाला कराराने मिळालेला हक्क एकतर्फी कसा काढून घेता, हा त्यांचा सवाल होता. १८५३ मध्ये माहीमच्या सेंट मायकलचा ताबा कोणाचा यावरून प्रकरण इतके पेटले की प्रोपागांडाचे बिशप हार्टमन यांनी स्वतःला चर्चमध्ये कोंडून घेतले. सुमारे पंधरा दिवस बाहेर विरोधकांचा वेढा होता. अखेर मुलकी अधिकाऱ्यांनी दार उघडवले आणि चर्च पाद्रोआदोच्या पक्षाकडे गेले. आज बुधवारच्या नोव्हेनाला सर्व धर्मांची माणसे तिथे रांगा लावतात.

१८८६ मध्ये तेराव्या लिओने पोर्तुगालशी नवा करार केला आणि हिंदुस्थानातली धर्मपीठे नव्याने आखली. पुण्याचे धर्मपीठ त्याच वर्षीचे. तरी मुंबईतली दुहेरी सत्ता सुटली नाही. १९२८ च्या समझोत्याने ती संपवली, पण किंमत अशी की मुंबईचा आर्चबिशप एकदा पोर्तुगीज, एकदा ब्रिटिश असा आलटून पालटून होणार होता. या पाळीत हिंदी माणसाला जागाच नव्हती. आपली पाळी आलेल्या इंग्रज आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्स यांनी भारतीय माणसासाठी वाट मोकळी केली. १९५० मध्ये पोर्तुगालने हक्क सोडला आणि त्याच वर्षी व्हॅलेरियन ग्रेशियस मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले.

वर्म्सच्या करारानंतर ८२८ वर्षांनी मुंबईच्या बिशपची अंगठी राज्याच्या हातातून सुटली. मध्ययुग ‘तिकडचे’ आणि ‘केव्हाचे’ आहे, असे म्हणणाऱ्याने हा आकडा पाहावा.

६. पण हिंदूंना चर्च कुठे आहे?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हिंदू धर्माला एक पोप नाही, एक संघटना नाही, मग तुलना कशी? उत्तर असे की एक चर्च नसले तरी पीठे आहेत, गाद्या आहेत, इनामे आहेत, उत्तराधिकार आहेत. नेमणुकीच्या झगड्याला तेवढे पुरते.

कोल्हापूर हे त्याचे ठळक उदाहरण. १८९९ मध्ये पंचगंगेवरच्या स्नानविधीत वेदोक्त मंत्र म्हणण्यास नकार मिळाला आणि शाहू महाराजांचा संघर्ष सुरू झाला. १९०२ मध्ये दरबारने राजोपाध्यांचे इनाम जप्त केले. त्याच सुमारास संकेश्वर-करवीर पीठाच्या स्वामींनी दरबारच्या संमतीवाचून उत्तराधिकारी शिष्य नेमला, आणि १९०३ मध्ये मठाची मालमत्ता जप्त झाली. पुढे १९२० मध्ये महाराजांनी पाटगावच्या मौनी महाराजांच्या मठात सदाशिवराव बेनाडीकर यांना क्षात्रजगद्गुरू म्हणून बसवले. हा प्रसंग मराठीत जातिसंघर्ष म्हणून शिकवला जातो आणि तो तसा आहेच. शूद्र ठरवून एका राजाचा आणि त्याच्यामागे सगळ्या बहुजन समाजाचा अपमान होत होता, न्याय महाराजांच्या बाजूला होता. त्याबरोबर हेही खरे की हे सुत्रीचे पुनरागमन होते: धर्मपीठ सुधारत नाही, म्हणून सुधारक राजा स्वतः अंगठी देतो.

महाराष्ट्राने नंतर हीच वाट धरली. पंढरपुरात बडवे आणि उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क १९७३ च्या कायद्याने रद्द झाले आणि जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शेवटचा शिक्का मारला. वारकऱ्यांची गाऱ्हाणी जुनी होती, कायदा आवश्यक होता. वंशपरंपरा मोडली, ही मोठी सुधारणा झाली. पण मोडलेल्या जागी कोण बसले? राज्य सरकारने नेमलेली समिती. क्लूनीच्या भिक्षूंनी वंशपरंपरा आणि सरदार दोघांनाही एकदमच दूर सारले होते. आपण वंशपरंपरा काढली आणि सरदाराला खुर्ची दिली.

७. हिशेब वेगळा, नेमणूक वेगळी

तिसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा आहे. सरकार बाजूला झाले तर देवस्थानांच्या तिजोऱ्यांवर कोण लक्ष ठेवणार? भीती रास्त आहे, पण ती दोन कामांची गल्लत करते. ११२२ चा भेद इथे थेट कामाला येतो. जमीन, पैसा, हिशेब, भाविकांची सुरक्षितता, भेदभावाला बंदी ही राजदंडाची बाजू. तिथे राज्याचा अधिकार पूर्ण असावा, आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याने धर्मादाय आयुक्तांना तो दिलेलाही आहे. गादीवर, गाभाऱ्यात किंवा विश्वस्त मंडळात कोण बसावे, ही अंगठीची बाजू.

हा भेद परका वाटत असेल तर शिवकाळात पाहावे. कोकणातल्या रयतेकडून स्वस्त दराने धान्य आणि मीठ घेण्याची चिंचवडच्या देवांची जुनी सवलत शिवाजी महाराजांनी बंद केली, कारण तिचा भार गरिबावर पडत होता. देवस्थानाची गरज मात्र नाकारली नाही, तो माल सरकारी कोठारातून देण्याची व्यवस्था केली. राजाचा हात रयतेच्या रक्षणापर्यंत पोचला आणि तिथेच थांबला.

सरकारी नेमणुकांचा बचाव करणारे विचारतील की मग निवड करणार कोण, पुन्हा तेच जुने हक्कदार? नव्हे. वारकरी संप्रदायाला फड आहेत, दिंड्या आहेत, त्यांचा ठरलेला क्रम आहे. आषाढीला लाखो माणसांची वाट सरकारी हुकमावाचून ठरवणारी शिस्त या समाजात पिढ्यांपासून आहे. जो समाज पालखीतला दिंड्यांचा क्रम ठरवू शकतो, तो स्वतःचे विश्वस्त निवडू शकत नाही, असे मानायला आधार नाही. त्या निवडीत स्त्रियांना आणि सर्व जातींना हक्काची जागा असेल, एवढी अट राज्याने घालावी. ती घालणे राजदंडाचेच काम आहे.

पंढरपूरचा कायदा विधिमंडळाने केला आहे आणि विधिमंडळ तो दुरुस्त करू शकते. आळंदीची व्यवस्थाही कायद्याने बदलता येते. इंद्रायणीच्या दोन्ही काठांवरच्या चऱ्होलीकरांनी, आळंदीकरांनी आणि वारीत चालणाऱ्या प्रत्येकाने पुढच्या यादीत आपल्या गावचे नाव शोधण्याआधी ही मागणी आपल्या आमदारांकडे लेखी द्यावी: हिशेब सरकारने तपासावा, माणसे आम्हाला निवडू द्यावीत.